शिरा पुन्हा का फुगतात?

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गाला मी ‘आमच्या घरातील कष्टाळू माणूस’ हा विषय निबंधासाठी दिला होता. एका विद्यार्थिनीने आपल्या वडिलांविषयी लिहिले. ते पोदेर आहेत. पहाटे तीन वाजल्यापासून पावाच्या भट्टीपुढे उभे असतात. पायांच्या फुगलेल्या शिरांवर त्यांनी एकदा शस्त्रक्रिया करून घेतली. पण चार वर्षांनी त्या शिरा पुन्हा दिसू लागल्या. निबंधाचे शेवटचे वाक्य प्रश्नार्थक होते: शिरा पुन्हा येणारच असतील, तर शस्त्रक्रियेचा उपयोग काय?

ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मी दुरुस्त केल्या, पण या प्रश्नापुढे काही लिहू शकलो नाही. कारण हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी माझ्या घरी विचारला गेला होता, आणि त्याचे आम्ही मानून घेतलेले उत्तर चुकीचे ठरले होते. त्या चुकीची किंमत माझ्या आईने मोजली.

माझी आई बाजारातील आमच्या लहानशा खाणावळीत वीस-बावीस वर्षे चुलीपुढे उभी राहिली. तिच्या डाव्या पायाच्या शिरा दोरखंडासारख्या उठून दिसू लागल्या, तेव्हा एका इस्पितळात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. पाय हलका झाला, रात्रीचे पेटके थांबले, आम्ही सर्व निश्चिंत झालो. सहा वर्षांनी पोटरीच्या मागच्या बाजूस पुन्हा गाठी दिसू लागल्या. आईने कोंकणीत निर्णय देऊन टाकला, “शिरो परत आयल्यो. आतां म्हाका आनीक कांय करूंक नाका.” मी कलाशाखेचा पदवीधर, मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस. ‘डॉक्टरांनी काम नीट केले नसावे’ एवढे बोलून मीही मोकळा झालो. पुढे दोन वर्षे कोणी डॉक्टरकडे गेले नाही. त्या अवधीत तिच्या घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडली, तिला खाज सुटू लागली आणि एक लहानसा व्रण झाला. तो चार महिने भरून आला नाही. आईने त्यावर हळद लावली, पाला बांधला आणि लुगड्याच्या काठाआड तो झाकून ठेवला. चतुर्थीच्या दिवशी नमस्कारासाठी वाकलो, तेव्हा तो प्रथम माझ्या दृष्टीस पडला.

त्यानंतर मी डॉक्टरांना विचारून आणि ग्रंथ वाचून जे समजून घेतले, ते या लेखात मांडीत आहे. मी शास्त्राचा शिक्षक नव्हे. तेव्हा जे मला समजले ते तुम्हांलाही समजेल, असा भरवसा वाटतो.

इंग्रजीतील ‘व्हेरिकोज व्हेन्स’ या नावाने हा विकार सर्वत्र ओळखला जातो. मराठी शास्त्रीय परिभाषेत त्याला ‘अपस्फीत नीला’ म्हणतात, आणि आमच्या कोंकणी घरांत ‘शिरो फुगल्यात’ एवढेच म्हणतात. विकार फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत ग्रंथींचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत शिरांपासून होणाऱ्या ग्रंथीचाही समावेश आहे. दुर्बळ माणसाने केलेले अतिश्रम हे तिचे कारण म्हणून दिले आहे. रोमचा सेनापती मारियस याच्या दोन्ही पायांच्या शिरा अशाच फुगल्या होत्या. त्याने स्वतःला बांधून न घेता, तोंडातून हुंकारही न काढता एका पायावर शस्त्र चालवून घेतले. पण वैद्य दुसऱ्या पायाकडे वळताच, एवढ्या यातना सोसाव्यात इतका हा लाभ मोठा नाही, असे म्हणून त्याने नकार दिला, अशी हकीकत प्लुटार्कने नोंदवली आहे. उपचार पुरा होण्यापूर्वीच तो सोडून देणारा रुग्ण दोन हजार वर्षांपूर्वीही होता, एवढे यावरून दिसते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. हृदय रक्त पुढे ढकलते आणि ते रोहिण्यांतून सर्वांगात पोहोचते. परत येताना ते नीलांतून येते. पायातील रक्ताला मात्र परतीचा प्रवास चढणीचा असतो. ही चढण केवढी, याचे एक लहानसे गणित करून पाहा. उभ्या माणसाच्या हृदयापासून घोट्यापर्यंतचे अंतर सुमारे १२० सेंटिमीटर धरा. रक्त पाण्याच्या सुमारे १.०६ पट जड आहे आणि पारा १३.६ पट. १२० ला १.०६ ने गुणून १३.६ ने भागले, तर सुमारे ९.३ सेंटिमीटर, म्हणजे ९३ मिलिमीटर पारा, असे उत्तर येते. निश्चल उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्यापाशी नीलेतील दाब प्रत्यक्ष मोजला असता तोही ८० ते ९० मिलिमीटरच्या आसपास भरतो. एवढा स्तंभ पातळ भिंतीच्या नीलेने रोज पेलायचा असतो.

हे ओझे हलके करण्यासाठी निसर्गाने दोन योजना केल्या आहेत. पहिली योजना झडपांची. इटलीतील पादुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फाब्रिसियस याने १६०३ साली नीलांतील झडपांवर पुस्तक लिहिले आणि त्यांना ‘लहान दारे’ असे नाव दिले. परंतु ही दारे कशासाठी आहेत, हे त्याला बरोबर उमगले नाही. रक्ताचा वेग आवरण्यासाठी ती असावीत, असे त्याला वाटले. पादुआलाच शिकून गेलेल्या विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली रक्ताभिसरणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ही दारे एकाच दिशेने, हृदयाकडे, उघडतात हे दाखवून दिले. त्याचा एक प्रयोग तुम्हांलाही वडीलधाऱ्यांच्या देखत करता येईल. दंडावर रुमाल क्षणभर हलकेच बांधा. हाताच्या शिरा फुगतील. मनगटाकडे एका शिरेवर एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तेथून वरच्या दिशेने शीर निपटीत न्या. मधला भाग रिकामाच राहतो. वरचे रक्त खाली उतरत नाही, कारण झडप ते अडवते. खालचे बोट उचलताच शीर पुन्हा भरते. मग रुमाल लगेच सोडा.

दुसरी योजना पोटरीच्या स्नायूंची. पायात खोलवर, स्नायूंच्या मध्ये, मोठ्या नीला असतात; पायातील सुमारे नऊदशांश रक्त त्यांतूनच वर जाते. कातडीखाली दुसऱ्या, उथळ नीला असतात. त्यांपैकी एक लांब नीला घोट्याच्या आतल्या बाजूने निघून जांघेत खोल नीलेला मिळते, आणि एक आखूड नीला पोटरीच्या मागून जाऊन बहुधा गुडघ्याच्या मागे मिळते. या दोन थरांना जोडणाऱ्या लहान नीलाही जागोजागी असतात. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू आवळतात, खोल नीला पिळल्या जातात आणि रक्त वर चढते. स्नायू सैल पडताच उथळ नीलांतील रक्त आत शिरते. या उपसण्यामुळे, चालताना घोट्यापाशी असलेला ८०-९० मिलिमीटरचा दाब २०-३० पर्यंत उतरतो. म्हणून दहा मैल चालणाऱ्या माणसापेक्षा दहा तास एका जागी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या शिरांना अधिक त्रास होतो.

गोव्यातील मुलांना झडपेचे काम समजावून सांगायला मला खाजनाहून चांगला दाखला सापडत नाही. खाडीकाठच्या खाजन शेतीला बांध असतो आणि बांधात मानस असते. भरतीचे पाणी चढू लागले की मानशीची दारे पाण्याच्या रेट्यानेच मिटतात आणि खारे पाणी शेताबाहेर राहते. ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना उघडून बाहेर पडते. माणसाने हात लावावा लागत नाही. पण मानशीची फळी कुजली किंवा दारांत फट पडली, तर दर भरतीला खारे पाणी शेतात घुसते. ते पाणी बांधाचा पाया मऊ करते, आणि मग पूर्वी चांगला असलेला पुढचा बांधही खचू लागतो.

नीलेचे असेच होते. काही माणसांच्या नीलांची भिंत जन्मतःच थोडी दुबळी असते. म्हणून हा विकार घराण्यात चालत आलेला आढळतो. वय, गरोदरपण, शरीराचे वाढलेले वजन, दीर्घकाळ उभे राहण्याचा धंदा, खोल नीलेत पूर्वी कधी झालेली रक्ताची गुठळी, ही कारणे त्यात भर घालतात. भिंत सैल पडून नीला रुंदावते, झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींना मिळेनाशा होतात आणि रक्त खाली गळू लागते. त्या गळतीने खालची नीला आणखी रुंदावते, तिची झडप निकामी होते, आणि हे चक्र चालू राहते. हा बायकांचाच विकार आहे, असा समज आपल्याकडे आहे. एडिंबरो येथील पाहणीचे १९९९ साली प्रसिद्ध झालेले आकडे वेगळे सांगतात. १८ ते ६४ वर्षे वयाच्या लोकांत मोठ्या नीला फुगलेल्या पुरुषांचे प्रमाण शेकडा ४० आणि स्त्रियांचे ३२ आढळले. पुरुष ते दाखवीत नाहीत, एवढेच.

आता उपचार. उथळ नीलांतून पायातील थोडेच रक्त जात असल्याने, बिघडलेली उथळ नीला बंद केली किंवा काढून टाकली तरी खोल नीला शाबूत असल्यास रक्ताचे अडत नाही. उलट खाली गळणारा ओघ थांबतो. जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबुर्ग याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडीतील लांब नीला बांधून टाकण्याची रीत प्रचारात आणली. तिचा गुण आला, पण काही रुग्णांच्या शिरा पुन्हा फुगल्या. नीला मांडीत बांधली, तरी जांघेपाशी तिला मिळणाऱ्या उपशाखा मोकळ्याच राहत, आणि बांधलेल्या जागेला वळसा घालून रक्त खाली येई. म्हणून पुढे ती अगदी जांघेतील संगमापाशी बांधू लागले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील केलर, मेयो आणि बॅबकॉक या शल्यचिकित्सकांनी नीलाच ओढून काढण्याच्या रीती दिल्या. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून नीलेत बारीक तार घालून लेसरच्या अथवा रेडिओलहरींच्या उष्णतेने ती आतून बंद करण्याचे उपचार सर्वत्र पसरले. औषधाचा फेस टोचूनही नीला बंद करतात. या नव्या उपचारांत मोठी चीर द्यावी लागत नाही आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो.

एवढे झाल्यावरही शिरा पुन्हा का फुगतात? त्याची कारणे एक नव्हे, चार-पाच आहेत. आणि ती वेगवेगळी ओळखणे हेच महत्त्वाचे आहे.

पहिले कारण असे की, गळतीचे मूळ पहिल्या वेळी पुरते सापडलेलेच नसते. दोन माणसांच्या हातांवरील रेषा जशा सारख्या नसतात, तशी दोघांच्या पायांतील नीलांची मांडणीही तंतोतंत सारखी नसते. कोणाची लांब नीला काही अंतर दुहेरी असते, कोणाची आखूड नीला गुडघ्याच्या मागे न मिळता मांडीत वर जाऊन मिळते. काही स्त्रियांत तर गळतीचे मूळ ओटीपोटातील नीलांत असते. पूर्वी डॉक्टरांना डोळ्यांनी पाहून, हाताने चाचपून आणि मांडीला पट्टा बांधून याचा अंदाज घ्यावा लागे. आता डॉप्लर सोनोग्राफीने रक्त कोठे व कोणत्या दिशेने वाहते ते पडद्यावर दिसते. रुग्णाला उभे करून केलेल्या अशा तपासणीशिवाय उपचार ठरवणे म्हणजे बांधावरून न हिंडता एकच मानस दुरुस्त करणे होय.

दुसरे कारण, मूळ सापडले, पण काम पुरे झाले नाही. संगमापाशी एखादी उपशाखा मोकळी राहिली, किंवा नीला बांधली पण काढली नाही, तर उरलेल्या नीलेला नवी वाट मिळते. इंग्लंडातील ग्लॉस्टर येथील शल्यचिकित्सकांनी दोन रीतींची पाच वर्षे तुलना करून १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. नुसती नीला बांधलेल्या पायांपैकी शेकडा सुमारे २० पायांना त्याच जागी पुन्हा शस्त्रक्रिया लागली. बांधून शिवाय ओढून काढलेल्या पायांत हे प्रमाण शेकडा सुमारे ६ होते. म्हणजे चांगल्या रीतीने परतण्याचे प्रमाण पुष्कळच घटते; पण ते शून्यावर येत नाही, हेही त्याच आकड्यांतून दिसते.

तिसरे कारण, बंद केलेली नीला पुन्हा उघडते. लेसरने किंवा औषधाच्या फेसाने बंद केलेली नीला हळूहळू आटून तंतूसारखी व्हावी, अशी अपेक्षा असते. काही वेळा ती पूर्ण आटत नाही. तिच्या पोटातून रक्ताला पुन्हा मार्ग मिळतो. मोठ्या नीलेवर फेसाचा उपचार केला असता हे उष्णतेच्या उपचारांपेक्षा अधिक वेळा घडते. मात्र फेस पुन्हा टोचणेही तितकेच सोपे असते.

चौथे कारण मला सर्वांत विस्मयाचे वाटले. शरीर जखम भरून काढताना नव्या रक्तवाहिन्या तयार करते. जांघेत शस्त्रक्रिया झाली की त्या जागीही बारीक नव्या वाहिन्या उगवतात. कधीकधी त्या वाढत जाऊन तोडलेल्या दोन टोकांना पुन्हा जोडतात. या नव्या वाहिन्यांत धड झडपा नसतात, त्यामुळे गळती पूर्ववत सुरू होते. म्हणजे शल्यचिकित्सकाचा हात निर्दोष असूनही, शरीराच्या बरे होण्याच्या धडपडीतूनच विकार परत येऊ शकतो. जांघेत चीर न देता उष्णतेने नीला बंद केली असता हा प्रकार कमी दिसतो.

पाचवे कारण सर्वांत साधे आणि सर्वांत विसरले जाणारे आहे. उपचार होतो तो एका नीलेवर. दुबळेपणा असतो तो सर्व नीलांत. ज्या प्रकृतीमुळे, ज्या वयामुळे, ज्या धंद्यामुळे पहिली नीला बिघडली, ती कारणे शस्त्रक्रियेच्या दिवशी संपत नाहीत. एक मानस नवी बसवली म्हणून खाडीची भरती थांबत नाही. पाचदहा वर्षांनी दुसऱ्या मानशीची फळी कुजते. याला पहिल्या सुताराचा दोष म्हणणे न्यायाचे नव्हे.

याखेरीज काही शिरा ‘परत आलेल्या’ नसतातच. मोठी नीला बंद केल्यावर तिच्या लहान फांद्या आपोआप ओसरतील म्हणून मुद्दाम ठेवलेल्या असतात. त्यांपैकी काही राहून जातात. कधी कातडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक निळ्या-तांबड्या रेषा नव्याने उमटतात. त्या बहुधा केवळ दिसण्यापुरत्या असतात. घरच्या माणसांना मात्र सर्व सारखेच दिसते.

शंभरांत किती जणांच्या शिरा परत येतात, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. या विषयातील तज्ज्ञ १९९८ साली पॅरिस येथे एकत्र आले होते. शस्त्रक्रियेनंतरच्या ५ ते २० वर्षांच्या निरीक्षणांत हे प्रमाण शेकडा २० पासून ८० पर्यंत आढळते, असे त्यांनी नमूद केले. हे आकडे इतके लांब-रुंद का? कारण कोणी एक लहानशी गाठही मोजतो, तर कोणी पुन्हा शस्त्रक्रिया लागली तरच मोजतो. कोणी पाच वर्षांनी पाहतो, कोणी वीस वर्षांनी. सारांश, आकडा ऐकून घाबरण्यापूर्वी तो कशाचा आहे हे विचारावे, हा गणिताचा धडा येथेही लागू पडतो.

मग त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर काय? उपयोग आहे. चष्म्याचा नंबर पुढे बदलतो म्हणून पहिला चष्मा वाया गेला असे आपण म्हणत नाही. माझ्या आईला सहा वर्षे जो आराम मिळाला, तो खराच होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट व्रणाची. नीलेतील दाब वर्षानुवर्षे चढता राहिला की घोट्यापाशी कातडी निकस होते आणि थोड्याशा खरचटण्यानेही व्रण पडतो. ब्रिटनमध्ये असे व्रण असलेल्या ४५० रुग्णांवर केलेल्या तुलनेचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. सर्वांना दाबाचे पट्टे बांधले होते. ज्यांच्या बिघडलेल्या नीलांवर लवकर उपचार केला, त्यांच्यापैकी निम्म्यांचे व्रण ५६ दिवसांत भरले. ज्यांचा उपचार लांबवला, त्यांना तेवढ्यासाठी ८२ दिवस लागले. गळती थांबवली की शरीर आपले काम करते, हे यातून स्पष्ट होते.

आईच्या बाबतीत पुढे काय झाले ते सांगतो. नव्या डॉक्टरांनी तिला उभे करून सोनोग्राफी केली. पडद्यावर निळे व तांबडे रंग दाखवून त्यांनी मला समजावले की, पहिल्या शस्त्रक्रियेत काढलेली लांब नीला व्यवस्थित काढलेली आहे. जांघेत काही दोष नाही. नव्या गाठींचे मूळ गुडघ्यामागील आखूड नीलेत होते, आणि ती नीला त्या शस्त्रक्रियेच्या वेळी चांगली होती, हे जुन्या कागदांवरूनच दिसत होते. ज्या डॉक्टरांना मी दोन वर्षे मनातून दोष दिला, त्यांचा दोष नव्हता. ते कागद आमच्याच कपाटात होते. ते घेऊन वेळेवर जाण्याचे मात्र मला सुचले नव्हते. रोहिण्यांतील रक्तपुरवठा ठीक असल्याची खात्री करून डॉक्टरांनी पायाला थरांचे पट्टे बांधले, पुढे ती नीला लेसरने बंद केली, आणि व्रण भरून आला. त्याला आता तीन वर्षे झाली. गुडघ्यापाशी एक बारीक शीर पुन्हा दिसू लागली आहे. या वेळी आई म्हणाली, “दाखवून येवया.”

ज्यांच्या घरी असा विकार आहे, त्यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी लिहितो. उपचारानंतर तपासणीसाठी बोलावले असता पाय बरा वाटत असला तरी जावे, आणि पहिल्या उपचाराचे कागद व सोनोग्राफीचे अहवाल जपून ठेवावेत. उभ्या धंद्याच्या माणसाने मधूनमधून चार पावले चालावे. ते शक्य नसेल तर टाचा वर-खाली कराव्यात, म्हणजे पोटरीचे स्नायू काम करतात. संध्याकाळी पाय हृदयाच्या पातळीहून वर राहतील असे उशीवर ठेवून पडावे. दाब देणारे मोजे डॉक्टरांनी माप घेऊन दिलेलेच घालावेत. रोहिण्यांचा विकार असलेल्याला ते अपायकारक होऊ शकतात, म्हणून दुसऱ्याचे मोजे मागून घालू नयेत. मोज्यांनी त्रास कमी होतो, पण बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही, हेही ध्यानात असावे. वजन आटोक्यात ठेवावे. घोट्यापाशी कातडी काळवंडू लागली, तिला खाज सुटली किंवा ती कडक झाली, तर व्रण होण्याची वाट न पाहता डॉक्टरकडे जावे.

दोन प्रसंगी मुळीच वेळ दवडू नये. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले, तर माणसाला ताबडतोब आडवे करावे, पाय उंच धरावा आणि स्वच्छ फडक्याने त्या जागी घट्ट दाब देऊन ठेवावा. मग त्याला इस्पितळात न्यावे. उभ्या माणसाची अशी शीर फुटल्यास रक्त झपाट्याने जाते, म्हणून आधी आडवे करणे हेच मुख्य. दुसरा प्रसंग एकच पाय अचानक सुजून दुखू लागण्याचा. खोल नीलेत गुठळी झाल्याचे ते लक्षण असू शकते. अशा पायाला तेल चोळीत बसू नये. सोबत छातीत दुखू लागले किंवा धाप लागली, तर एक क्षणही न थांबता इस्पितळ गाठावे.

त्या विद्यार्थिनीच्या वहीत मी अखेर एवढेच लिहिले की, बाबांना जुने कागद घेऊन पुन्हा एकदा डॉक्टरांकडे जायला सांग. तिने ते सांगितले. दिवाळीच्या सुट्टीनंतर वडील तपासून आल्याचेही तिने मला कळवले. भट्टीपाशी आता त्यांनी एक बाकडे ठेवले आहे, आणि पीठ फुगेपर्यंतचा वेळ ते उभे न राहता अंगणात फेऱ्या घालतात.

आपल्याकडे सणासुदीला वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याची चाल आहे. मित्रहो, पुढच्या वेळी वाकाल तेव्हा डोळे मिटून घेऊ नका. ज्या पायांनी तुमच्यासाठी इतकी वर्षे उभे राहणे सोसले, त्यांच्याकडे एकदा नीट पाहा. आणि काही दिसले, तर गप्प बसू नका.